बाळंतिणीची खोली

कुवेतमधल्या फिंतासला आमच्या शेजारी राहणारे नाशिकचे इंजिनिअर दर शुक्रवारी राखीव वाळवंटात, रानमांजरांसाठी लावलेले कॅमेरे तपासायला जातात. एरवी लिफ्टमध्येही खणखणीत बोलणारा हा माणूस तिथे कुजबुजतो आणि परतताना आपल्याच पावलांच्या ठशांवर पाय ठेवत येतो.

एकदा मीही गेलो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाळूच्याच रंगाची मांजरी दिसली, तोंडात पिल्लू धरलेली. याच फोटोसाठी ते कित्येक हिवाळे खेपा घालत होते. पण आता ते खांबावरचा कॅमेराच सोडवायला लागले.

"अहो, खरं बघायचं ते तर आत्ताच."

"बाळंतिणीच्या खोलीत असं डोकावत नाहीत," ते कुजबुजले.

परतताना मीही त्यांच्याच ठशांवर पाय ठेवत आलो.