जगाचं वय: अधिक-उणे पाच वर्षं

पप्पांनी जगाचं वय काढलं होतं आणि ते कापडावर लिहून ठेवलं होतं. मांजरपाटाचं लांब कापड, वर-खाली लाकडी दांड्या, गुंडाळून बांधायला नाडी. काळेवाडीतल्या आमच्या चर्चच्या संडे स्कूलमध्ये जूनच्या पहिल्या रविवारी तो तक्ता खिळ्याला लागायचा आणि पप्पा छडी घेऊन एकेक ओळ खाली उतरायचे. पहिल्या माणसाला एकशे तिसाव्या वर्षी मुलगा झाला, त्या मुलाला एकशे पाचव्या वर्षी, त्याच्या मुलाला नव्वदाव्या. अशा दहा पायऱ्या उतरलं की जलप्रलय, बेरीज सोळाशे छप्पन्न. तिथून पुढे राजे, बंदिवास, येशूचा जन्म, आणि तळाला जाड लाल अक्षरांत: जगाचं वय सुमारे सहा हजार वर्षं. चाळीस वर्षं हा तक्ता लागत आला होता आणि तो समजावून सांगणारा माणूस सगळ्या मंडळीत एकच होता.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्या माणसाच्या डोळ्यांनी दगा दिला. मोतीबिंदू असता तर काढून टाकता आला असता. हा पडद्याचा आजार निघाला. कडेचं दिसतं, नेमकं समोरचं पुसलं जातं. माणूस दिसतो, चेहरा दिसत नाही. आता वाचनाचं विसरा, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. घरी चहा झाल्यावर पप्पा म्हणाले, "जूनपासून वर्ग तू घे. तक्ता मात्र हाच लागला पाहिजे."

मी चाकणच्या एका लॅबमध्ये मोजमापाची साधनं तपासते. आजूबाजूच्या कंपन्यांची गेज आमच्याकडे येतात. ती खरं माप दाखवतात की नाही ते पाहायचं आणि रिपोर्टवर सही करायची. बावीस वर्षं मी जे मोजलं त्याखालीच सही केली आहे. आणि जगाचं वय सहा हजार आहे असं मला कॉलेजपासूनच वाटत नव्हतं. हे पप्पांना मी कधी तोंडावर सांगितलं नव्हतं, एवढंच. आता नाही म्हणावं तर चाळीस वर्षांचा तक्ता कपाटात जाणार, आणि हो म्हणावं तर त्यांचीच छडी हातात धरून मुलांसमोर मी खोटं बोलणार.

मला हे काम शिकवलं तेही पप्पांनीच. ते चिंचवडच्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर होते. बोटाच्या टोकाने कड चाचपून ते सांगायचे की मायक्रॉन-दोन मायक्रॉन वर आहे, आणि मागाहून मशीन तेच सांगायचं. एकदा साहेबाने त्यांच्यापुढे न तपासलेल्या मालाचा रिपोर्ट ठेवला, मागच्या आठवड्याची तारीख घातलेला. नुसती सही हवी होती. पप्पांनी केली नाही. त्या वर्षीचं प्रमोशन गेलं, वर दोन वर्षं स्टोअरमध्ये बसावं लागलं. आई कुरकुरायची की एका सहीने काय आभाळ कोसळणार होतं. पप्पा जेवता जेवता म्हणायचे, मागची तारीख घालून सही करणं म्हणजे देवाच्या तोंडावर खोटं बोलणं. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या रक्तात गेलंय. खाण तशी माती.

तक्त्यातही माझा हात होता बरं का. आठवीत असताना मी त्यांची बेरीज तपासायला बसले आणि भोचकपणे विचारलं, एकशे तीस म्हणजे पूर्ण एकशे तीस, की एकशे तिसावं चालू? दुसऱ्या एखाद्या बापाने कानाखाली दिली असती. पप्पा मात्र ताडकन उठून बसले, इतके खूश झाले. म्हणाले, शाब्बास, प्रत्येक मापाला सहा महिने इकडेतिकडे धरले पाहिजेत. दहा मापांची मिळून पाच वर्षं. त्याच संध्याकाळी त्यांनी जलप्रलयाच्या आकड्यापुढे लिहिलं: अधिक-उणे पाच. जलप्रलयाला टॉलरन्स देणारा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये दुसरा नसेल. आमच्या पाळकसाहेबांचाही असा हट्ट नव्हता. ते म्हणायचे, देवाचा दिवस आपल्या घड्याळात मावत नाही. पप्पा त्यांना आदराने चहा पाजायचे आणि ऐकायचे स्वतःचंच.

तर मी हो-नाही करत मे महिना आणला. रविवारी काळेवाडीला जायचं, त्यांची पोळी-भाजी करायची, आणि वाद घालायचा. आई गेल्यापासून ते एकटे होते, आणि वादात त्यांना रस होता. मी खडकांचं वय काढण्याविषयी काही वाचून गेले की ते माझ्याच धंद्यातलं उदाहरण पुढे टाकायचे. समज, तुझ्या टेबलावर एक ड्रिल आलं. धार किती झिजली ते तू मोजलंस, शंभर भोकांना किती झिजते तेही तुला ठाऊक. मग तू हिशोब करून सांगणार की याने इतकी हजार भोकं पाडलीत. पण सुरुवातीला त्याचं माप काय होतं, ते तू पाहिलंस? मधे ते धार लावून आलं असेल तर? झिजेचा वेग सगळे दिवस एकच होता, हे तुला कुणी सांगितलं? मी म्हणायचे, दहा वेगवेगळ्या साधनांनी मोजून दहादा तेच उत्तर आलं तर? ते म्हणायचे, दहाही साधनं एकाच कारखान्यातली असतील. खरं सांगते, मला राग यायचा आणि कौतुकही वाटायचं. ऐंशीच्या घरातला माणूस, समोरचा कप चाचपडत शोधतोय, आणि प्रश्न असा की मी पुढच्या रविवारपर्यंत उत्तर शोधत बसायचे.

एका रविवारी मात्र त्यांनी दुसरंच काढलं. पहिला माणूस देवाने बाळ म्हणून घडवला नाही, चालता-बोलता घडवला. त्याच दिवशी डॉक्टरने तपासला असता तर वय तीस लिहिलं असतं. तशीच पृथ्वी. नवीन, पण जुनी दिसणारी. आणि माझ्या जिभेला कुठलं हाड.

"म्हणजे देवाने मागची तारीख घालून सही केली म्हणायचं," मी म्हणाले.

पप्पांनी कप खाली ठेवला. त्यांची नजर माझ्या खांद्याच्या बाजूला लागली होती, कारण समोर पाहिलं तर मी दिसत नव्हते. मला माझी इतकी लाज वाटली की मी उगाच जाऊन भांडी घासत बसले. स्टोअरमधली दोन वर्षं मी त्यांच्या देवाच्या अंगावर फेकली होती. पुढचे आठ-दहा दिवस त्यांचा फोन नाही, माझाही नाही. दोघंही मोडेन पण वाकणार नाही या जातीची.

मग आमच्या मोशीच्या सोसायटीत बोअर मारायला गाडी आली. टँकरला कंटाळून सगळ्यांनी ठरवलं होतं. मशीन म्हटलं की पप्पांना राहवत नाही हे मला ठाऊक. मी फोन करून एवढंच म्हटलं की बोअर मारतायत, या. ते रिक्षा करून तासाभरात हजर. भांडणाचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही. मी पार्किंगमध्ये खुर्ची टाकून दिली. आमच्या शेजारी आमची सोसायटी ज्यांच्या शेतावर उभी आहे ते आजोबा येऊन बसले.

आधी मुरूम आला, मग काळा दगड. दगडाचं राखाडी पीठ उडत होतं आणि आम्ही सगळे भुतासारखे दिसत होतो. तासभर तेच. मग एकदम भोकातून लाल भुकटी येऊ लागली. इतकी लाल की वरच्या गॅलरीतून बायका विचारायला लागल्या, काय झालं म्हणून. शेजारचे आजोबा म्हणाले, "गेरू लागला. आमच्या हिरीला बी लागला हुता." पप्पांना रंग नीट कळत नव्हता. त्यांनी मला मूठभर आणायला सांगितली. ऑपरेटरने एकशे चाळीस फूट सांगितले. मी ओंजळभर आणून त्यांच्या तळहातावर ठेवली.

त्यांनी ती अंगठ्याने चोळली. मग थुंकी लावून चोळली. नाकाशी नेली. ती बोटं मी लहानपणापासून बघत आले आहे. ती चुकत नाहीत.

"हे दगडाचं पीठ नाही," ते म्हणाले. "ही माती आहे."

एकशे चाळीस फुटांवर, एवढ्या काळ्या पाषाणाच्या खाली, माती. मला वाचून माहीत होतं. पण त्यांच्या तोंडून ऐकलं आणि अंगावर सर्रकन काटा आला. मी मशीनच्या आवाजात त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, जेवढं वाचलं होतं तेवढं. घाटावरचा आपला सगळा मुलूख म्हणजे लाव्ह्याचे थर. एक थर पसरायचा, थंड व्हायचा. मग त्यावर ऊन-पाऊस, दगड कुजून माती व्हायची, ती उघड्यावर पडून राहायची. आणि त्यावर पुन्हा लाव्हा. ही लाल माती म्हणजे भाजली गेलेली जमीन. तिच्यावर कधीतरी ऊन पडलं होतं, पप्पा. शास्त्रज्ञ म्हणतात साडेसहा कोटी वर्षांपूर्वी.

त्यांनी कोटींकडे लक्षच दिलं नाही. थर किती जाड, ते विचारलं. ऑपरेटर म्हणाला, चारेक फूट. पप्पांचे ओठ हलायला लागले. मनातल्या मनात हिशोब चालला की ते असे हलतात. मग ते म्हणाले की नगरकडे त्यांच्या वडिलांनी विहीर खणली तेव्हाचा काळ्या दगडांचा ढीग अजून बांधावर आहे. सत्तर वर्षं ऊन-पाऊस खातोय. गेल्या वेळी हात फिरवला होता, कडा अजून लागतात. चिमूटभर माती झालेली नाही.

तेवढ्यात भुकटी पुन्हा राखाडी झाली. पुन्हा काळा पाषाण. दुपारी पाणी लागायच्या आत आणखी एकदा लाल आलं, आणि मी न सांगता त्यांच्या हातावर ठेवलं. म्हणजे दुसरी जमीन, तिच्याही खाली. पप्पांनी दुसऱ्या हातातली पहिली मूठ अजून सोडली नव्हती. दोन्ही मुठी मांडीवर ठेवून ते बसले आणि त्यांच्या गालावरच्या राखेतून पाणी ओघळलं.

"केवढं करून ठेवलंय गं त्याने," ते म्हणाले.

मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसले. वाद जिंकल्यासारखं मला मुळीच वाटलं नाही. खाली जमिनींवर जमिनी निजलेल्या होत्या आणि आम्ही दोघं बापलेक दुचाकींच्या पार्किंगमध्ये त्यांच्या छपरावर बसलो होतो. मला भीती वाटली आणि फार फार आनंद झाला, दोन्ही एकदम. रिक्षात बसताना मात्र म्हातारा बजावून गेला की सहा हजार काही तो खोडणार नाही. मीही म्हटलं, नका खोडू.

जूनचा पहिला रविवार आला तरी मी होय म्हटलं नव्हतं. मनाशी ठरवलं होतं की तक्ता लावायचा आणि नम्रपणे सांगायचं की मला हे शिकवता येणार नाही. पप्पा आधीच येऊन मागच्या बाकावर बसले होते. मी नाडी सोडली, तक्ता खिळ्याला लावला, तो सरकन खाली उतरला. लाल आकडा तसाच होता. त्याच्या खाली नवीन अक्षरं होती, काळ्या मार्करने, वेडीवाकडी, एकमेकांवर चढलेली. समोरचं न दिसणाऱ्या माणसाने तिरकं बघत काढलेली.

हे मी मोजलेलं नाही. हे मी वाचलेलं आहे.

आणि त्याखाली रिपोर्टवर असतात तसे दोन चौकोन. "लिहिणार" या चौकोनात पप्पांची सही. "तपासणार" हा चौकोन रिकामा.

मुलं वाट बघत होती. मग मी छडी घेतली आणि पहिल्या ओळीपासून खाली उतरले, एकशे तीस, एकशे पाच, नव्वद, अधिक-उणे पाचासकट. ती नवी ओळही वाचली. मग बोअरच्या दिवसापासून पर्समध्येच असलेली लाल मातीची बाटली काढून मुलांच्या हातांत दिली आणि सांगितलं की कोटींचा आकडा मीसुद्धा मोजलेला नाही, वाचलेला आहे; पण ही माती एकशे चाळीस फुटांवरची आहे, ती चोळून बघा. एकही शब्द मला खोटा बोलावा लागला नाही.

वर्ग सुटल्यावर तक्ता गुंडाळता गुंडाळता मी विचारलं, तपासणाऱ्याच्या चौकोनात मी सही करावी असं तुमच्या मनात होतं का?

"छे. तू करायची नाहीस, ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "तो रिकामाच ठेव. मी आता लवकरच जाणार आहे ना, त्यालाच समोरासमोर विचारून घेतो."

मी त्यांचा हात धरला आणि आम्ही पायऱ्या उतरलो. तक्ता माझ्याकडे आहे. या जूनमध्ये मी तो पुन्हा लावला, तेव्हा मागचा बाक मोकळा होता. चौकोन मी तसाच ठेवला आहे.