जेऊरचे पाहुणे आणि आमचा पंचा

नुसत्या बघण्याने डोळे येत नाहीत, असे मी सोलापूरच्या एका साप्ताहिकात छापले आणि त्याच आठवड्यात माझे डोळे आले. दोन्ही!

हा रोग जंतूंमुळे होतो, जंतू हाताने आणि फडक्याने पसरतात, नजरेतून उडत नाहीत, हे मी लेखात मुद्देसूद मांडले होते. आईला वाचून दाखवले.

"मग तुला कसं आलं?" ती म्हणाली. (या मुद्द्यावर लेखात काही नव्हते.)

त्यातच धाकट्या बहिणीला, सोनाला, बघायला जेऊरची मंडळी यायची होती. मुलगा तिने जत्रेत लांबून पाहिला होता आणि नाक मुरडले नव्हते. आधीच्या सगळ्या स्थळांना मुरडले होते.

"तू आतच बस," आई म्हणाली. "पावन्यांचं डोळं आलं तर सोयरीक मोडंल."

"आई, बघून काही होत नाही."

"दादा, बस की आत!" सोना कळवळली.

पण वडील नव्हते. पाहुण्यांच्या हातापायांवर पाणी घालायचे काम घरच्या पुरुषाचे, म्हणजे माझे. मी तांब्या घेऊन दारात उभा राहिलो. मुलाचा बाप मला बघून जागीच थबकला.

"आरं, ह्येंचं डोळं आल्यात की!" आणि त्याने मान वळवली.

"खुशाल बघा माझ्याकडे," मी म्हणालो आणि लेख तोंडपाठ सुरू केला. पुराव्यादाखल त्याच्याकडे टक लावूनच पाणी ओतले. ते त्याच्या धोतरावर पडले. त्याने घाईने तोंड धुतले. मी अदबीने खांद्यावरचा पंचा पुढे केला. त्याने तोंड पुसले, मुलाने पुसले, मुलाच्या चुलत्यानेही पुसले. पंचा परत खांद्यावर टाकताना मला आठवले, सकाळपासून मी त्यालाच डोळे पुसत होतो.

तेवढ्यात सोना सुपारीचे तबक घेऊन बाहेर आली आणि मुलगा हसला. माझे तोंड उघडले ते तसेच मिटले.

पुढच्या आठवड्यात मुलाचा बाप एकटाच आला. फेटा भुवयांपर्यंत ओढलेला, डोळे लालभडक.

"समद्या घराचं डोळं आल्यात! तुमी बघितलं की आमच्याकडं!"

"बघून नव्हे हो, पंच्यामुळे," मी म्हणालो आणि सगळे खरे सांगून टाकले. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"पंच्यानं कुटं डोळं येत्यात व्हय? पंचा काय बघतोय?"

सोयरीक गेलीच, असे मला वाटले. दाराआड सोनाच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. आईने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "पावनं, त्याची नजरच वाईट हाय. ल्हानपनापासनं. पोरीचा त्यात काय दोष?"

पाहुण्याने विचार केला. "व्हय, पोरगी लई गुनाची हाय. लगीन करू. पर ह्यो आमच्याकडं बघायचा न्हाय!"

"न्हाय बघणार!" माझ्या वतीने दाराआडून सोनाने कबूल केले.

लग्नापर्यंत माझे डोळे केव्हाच बरे झाले होते, अट मात्र कायम होती. वधूच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा असतो. मी मांडवात पाठ फिरवून, हात मागे चाचपत उलटा चालत गेलो. कान सापडला. कडकडून पिळला. कान नवरदेवाच्या बापाचा निघाला!

बापाने बोंब ठोकली.

"घाबरू नका," मी तोंड न वळवता म्हणालो, "हात साबणाने धुतलेत."