विहिरीच्या वाटेवरचा गोल्फ

रानमोडी कुणी लावत नाही. आज उपटली की चार दिवसांनी दुप्पट होऊन उभी! गोल्फवाल्यांचे किस्से तसेच. एक सांगून संपवावा तर त्याच्या मागून दुसरा डोकं काढतो. लोक म्हणतात, "शेवंतावहिनी, तो हंड्याचा सांगा, हसायला येतं." तुम्हाला हसायला येतं, मला अजून संताप येतो. तरी सांगते.

आमच्या वाडीच्या वर सडा आहे. सडा म्हणजे नुसता कातळ. पावसात गवत, उन्हाळ्यात तवा. सड्याच्या पलीकडच्या अंगाला आमची पिण्याची विहीर. रंगीत टीव्ही नवा होता त्या सुमाराची गोष्ट. सडा ज्यांच्या नावावर होता ते मुंबईत, घेणारा शेठही मुंबईत. तिथल्या तिथे व्यवहार झाला. आम्हाला कळलं तेव्हा ट्रकनं माती येत होती.

मग शेठचं रिसॉर्ट उभं राहिलं, गेटवर भली मोठी इंग्रजी पाटी लागली. मी चौथी पास. शेठच्या मॅनेजरनं वाचून दाखवली, "चॅम्पियनशिप गोल्फ कोर्स. एक नाही, दोन!"

"म्हणजे काय?"

"म्हणजे मोठमोठी माणसं इथे सुट्टीला येणार."

"येऊन करणार काय?"

"काठीनं बॉल मारून बिळात घालणार."

"बस?"

"बस."

त्या बिळांभोवतीचं तण काढायला आम्हा बायकांना कामावर घेतलं.

*

मॅनेजर घाटावरचा. माणूस वाईट नव्हता, पण शेठ समोर आला की ह्याचा कणा सुट्टीवर!

पहिल्याच दिवशी आम्हाला म्हणाला, "बायांनो, हे गवत परदेशातून आणलंय. चपला काढा, जपून पाय टाका. मधे मधे गावठी उगवलंय तेवढं उपटून टाका."

मी विचारलं, "गावठी म्हणजे आमचं?"

"तेच. कचरा सगळा."

त्या कचऱ्यावर माझ्या सासूनं म्हशी पोसल्या. आणि त्यांतल्याच म्हशीच्या दुधाचा चहा हा बाबा रोज सकाळी माझ्या घरून मागवायचा!

दुसऱ्या दिवशी मी हात हलवीत गेले. तो माझ्या मागे मागे. "वहिनी, आज चहा नाही?"

"कचरा काढला ना साहेब सगळा? म्हैस आटली."

*

पेरणीआधी आम्ही जमीन भाजतो. पालापाचोळा, शेण, गवत पसरायचं आणि पेटवायचं. त्याशिवाय भाताचं रोप धरत नाही. आता आग म्हटली की धूर आलाच, आणि धूर काही पाटी वाचून वळत नाही.

एक पाहुणा तरातरा माझ्या शेतात उतरला. पांढरी पँट, पांढरे बूट, हातात काठी. "ए बाई, धूर बंद कर! आम्ही सुट्टीवर आलोय!"

मी राखेनं माखलेली, डोळ्यांतून पाणी वाहतंय, पदर कमरेला खोचलेला. म्हटलं, "आम्ही नाय आलेलो!"

*

आता तो हंड्याचा.

वैजू माझी धाकटी जाऊ. बोलायला माझ्याहून तिखट. एका सकाळी डोक्यावर भरला हंडा घेऊन सड्यावरून येत होती. आमची पिढ्यान्‌पिढ्यांची पायवाट. तिकडून गवतावरून एका साहेबानं मारला बॉल, तो आला सणसणत आणि ठाण्‌ दिशी हंड्यावर! तांब्याच्या हंड्याला हा एवढा पोचा. बॉल उडाला आणि गेला आत. वैजू नखशिखान्त भिजली, पण हंडा सोडला नाही.

साहेब धावत आला. वाटलं, बाईला लागलं का ते विचारील. कसलं काय! "बॉल कुठाय?"

"हंड्यात."

त्याच्याबरोबर दुसरा होता, तो हसत हसत म्हणाला, "आता पंचाईत! बॉल पडला तिथूनच मारायचा, असा रूल आहे."

वैजू त्याच्यासमोर जाऊन ताठ उभी राहिली. "मार! हंडा डोक्यावरच हाय. मार, नि मग बघ माझा रूल!"

दोघेही बॉल न घेता परत गेले. तो अजून आमच्याकडे आहे. मांजर खेळतं त्याच्याशी.

*

त्याच साहेबाची बायको संध्याकाळी वाडीत आली. मला वाटलं, माफी मागायला आली. तर गळ्यात कॅमेरा! "किती लकी आहात हो तुम्ही! समुद्र, शुद्ध हवा आणि वर रोज हा एक्सरसाइज!" असं म्हणून वैजूला पोच्याचा हंडा डोक्यावर घ्यायला लावला. पोचा मागे फिरवायला सांगितला, फोटोत दिसू नये म्हणून!

वैजू म्हणाली, "बाई, हंडा घ्या आणि या विहिरीवर. एक्सरसाइज फुकट आहे." बाई हसली. तिला वाटलं, ही गंमत करते.

पुढच्या सीझनला तोच फोटो रिसॉर्टच्या गेटवर, माणसाएवढा. वैजू, हंडा, मागे समुद्र. वैजूला कुणी विचारलं नव्हतं. आणि त्या फोटोच्या खालपासून काटेरी तार सुरू! पाहुण्यांचे बॉल बायकांना लागतात, म्हणून शेठनं काय केलं? बॉल बंद नाही केले. बायका बंद केल्या! सड्यावरची वाटच अडवली.

वैजू तारेपाशी उभी राहून आपल्याच फोटोकडे बघत होती. म्हणाली, "वहिनी, हिला बरं आत सोडलंनी!"

*

मग आम्ही खालच्या व्हाळातून, ओढ्याच्या घळीतून चढून विहिरीवर जायला लागलो. जाताना निभायचं. येताना भरला हंडा आणि पायाखाली सुटे दगड.

सुलाकाकी, म्हणजे आमच्या धोंडूकाका गुरवांची बायको, तिथेच पडली. मांडीचं हाड मोडलं. चार बाप्यांनी डोलीतून खाली आणली, मग जीपमधून रत्नागिरीला. परत आली ती अंथरुणावरच.

मी मॅनेजरला म्हटलं, "आता तरी वाट सोडा." तो म्हणाला, "वहिनी, मी शेठच्या कानावर घातलंय." घातलं असेल. कान होते कुठे? शेठनं काकीला पाठवली आंब्याची पेटी. रत्नागिरीच्या मुलखात! हापूसची!

काकीनं एक आंबा उचलला, उलटसुलट केला, नाकाला लावला. माझ्याकडे बघून म्हणाली, "शेवंता, हा आपल्या सड्याखालच्या बागेतला गो. कलमाला पाणी मीच घालत होते. त्याच विहिरीचं."

आंबा तिनं परत पेटीत ठेवला. त्या दिवशी मी रिसॉर्टवर कामाला गेले नाही.

*

मग आली मोठी मॅच. मुंबईहून गाड्यांची रांग. आदल्या दिवशी वाडीतली सगळी माणसं कामावर अडून बसली. सड्यावर एवढा मोठा खेळ मांडायचा तर आधी देवाला गाऱ्हाणं घातलं पाहिजे. त्याशिवाय कुणी हात लावणार नाही.

गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीनं गुरव देवाला सांगतो आणि त्यानं दम घेतला की माणसं म्हणतात, "होय महाराजा!" एकदा होय म्हटलं की ते देवाच्या कानी गेलं. परत घेता येत नाही.

शेठ खूश. पाहुण्यांना लोकल कल्चर दाखवता येईल! मॅनेजरनं त्याला शिकवून ठेवलं, "बाबा थांबला की सगळ्यांबरोबर मोठ्यानं म्हणायचं." 

सकाळी सड्यावर सगळी जमली. पुढे टोपी घालून शेठ, बाजूला पाहुणे, कॅमेरे. धोंडूकाकांनी नारळ हातात धरला. म्हातारा बोलायला लागला की नुसता सूर ऐकू येतो, परक्याला शब्द कळायचे नाहीत.

"बा देवा महाराजा, आज ह्या शेठनं तुझ्या सड्यावर खेळ मांडलाय, तो सुखरूप पार पाड रे महाराजा!"

"होय महाराजा!" शेठचा आवाज सगळ्यांच्या वर.

"लांबून आलेल्या लेकरांना राख रे महाराजा!"

"होय महाराजा!" पाहुण्यांनाही मजा यायला लागली.

काकांनी नारळ वर उचलला. तेवढ्यात मी मागून ओरडले, "काका, थांबा! काकीच्या पायाचं राहिलं."

गाऱ्हाण्यात बाई मधे बोलत नाही. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. काकांनी नारळ खाली घेतला. डोळे मिटले. आणि पुन्हा तोच सूर लागला.

"आणि बा महाराजा, विहिरीची वाट ह्या शेठनं तार ओढून अडवलीय. ती तो आजच्या आज मोकळी करील. न करील, तर तू आणि तो बघून घ्या रे महाराजा!"

"होय महाराजा!"

शेठचा आवाज सगळ्यांच्या वर.

नारळ फुटला. शेठ हसत हसत मॅनेजरला म्हणाला, "फॅन्टास्टिक! शेवटी बाबा काय बोलला?"

मॅनेजरचा कान एव्हाना आमच्या बोलीला सरावला होता, त्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं. शेठचं हसू गेलं. "मी कुठे असं प्रॉमिस केलंय?"

धोंडूकाकांनी त्याच्या हातात फुटल्या नारळाची एक कवड ठेवली. "होय तुम्ही म्हणालात, शेठ. मी आपला सांगणारा."

शेठनं आमच्याकडे पाहिलं. पाहुण्यांकडे पाहिलं. मग नारळाकडे.

मी वैजूला म्हटलं, "चल गो, हंडा घे."

आम्ही निघालो. चार पावलं गेलो असू, मागून शेठचा आवाज आला, "मॅनेजर, पक्कड कुठाय?"