पडद्याच्या मागून

वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या कंपनीतल्या पोरीनं काल माझ्यासोबत मोबाईलवर फोटो काढला. "आजी, उलटा आलाय, थांबा," म्हणाली. तिनं बोट लावलं आणि माझा पदर उजव्या खांद्यावरून डाव्यावर आला. मी बघतच राहिले.

पौडला पूर्वी तंबूतला सिनेमा यायचा. पुरुष पडद्यासमोर बसायचे, आम्ही बाया पडद्याच्या मागं. लग्न झाल्यावर एकदाच आम्ही दोघं गेलो. मी पोत्यावर बसले होते. इंजिनाचा धूर, भाजक्या शेंगांचा वास, आणि पडद्यापलीकडून मधूनच ह्यांचा ओळखीचा खोकला.

परतताना कासार आंबोलीपर्यंत आम्ही भांडत आलो. हिरोच्या गालावरचा वण हे म्हणत उजवीकडं, मी म्हणे डावीकडं.

"अगं, या डोळ्यांनी बघितलाय!"

"मग मी काय डोळं मिटून बसले व्हते?"

दाराशी आल्यावर हे हसले. "बरं बाई, डावा तर डावा."

तो विजय मी जन्मभर मिरवला. कुठलाही वाद निघाला की ह्यांना त्या वणाची आठवण करून द्यायची. आता तंबूच्या जागी दुकानांचे गाळे आहेत, आणि हे जाऊन तीन वर्षं झाली. मी सगळा सिनेमाच उलटा बघितला होता, हे कळलं ते काल.

पोरगी जिना चढून गेली. ओट्यावर मी एकटीच. म्हणाले, "अवो, उजव्याच गालावर व्हता."

वरून आवाज आला, "आजी, मला काही म्हणालात?"

"न्हाई गं. तुला न्हाई."