पुलाचा उतार आणि सैल ब्रेक

लग्नानंतरची पहिली काही वर्षं आम्ही तंजावूरजवळच्या एका खेड्यात राहत होतो. यजमान तिथल्या शाळेत शिक्षक. माझं माहेर तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत. सुटीच्या दिवशी ते मला सायकलवर माहेरी न्यायचे. मी कॅरिअरवर एका अंगाला बसायची, मांडीवर आमची सहा महिन्यांची मुलगी.

त्या सायकलचा मागचा ब्रेक कधीच मोडला होता. पुढचा तेवढा चालायचा. त्या दिवशी सकाळी यजमान अंगणात पाना घेऊन बसले होते. पुढच्या चाकाला आऊट आला होता, ते वेडंवाकडं फिरायचं, त्यामुळे ब्रेकचं रबर रिमला घासत होतं. त्यांनी ब्रेकच्या दांडीचा नट सैल करून रबर खाली घेतलं. मग चाक हातानं फिरवून मला दाखवलं.

"बघ, आता कसं मोकळं फिरतंय!"

"अहो, पण ब्रेक लागेल ना?"

"लागतो गं. चल, ऊन होईल."

आमच्याकडचा मुलूख सपाट, उतार म्हणून कुठे नाही. फक्त मोठ्या कालव्यावरचा पूल उंच होता. तो उतरला की रस्ता लगेच कालव्याच्या काठानं वळायचा. काठाला कठडा नव्हता. पाणी सोडलेलं होतं, कालवा तुडुंब भरून वाहत होता.

पुलाच्या माथ्यावरून सायकल सुटली. समोरून एक बैलगाडी वर चढत होती. यजमानांनी ब्रेक दाबला. कट्ट असा आवाज झाला आणि ब्रेकची मूठ सरळ हँडलला टेकली. वेग काही कमी झाला नाही. त्यांची पाठ एकदम ताठ झालेली मला दिसली.

"काय झालं?"

ते पायातली चप्पल जमिनीला घासू लागले. चप्पल निघून गेली, मग अनवाणी पाय घासू लागले. मला फक्त पाणी दिसत होतं. पोरीला रस्त्याकडेच्या गवतात टाकून द्यावं, ती तरी वाचेल, असं मनात आलं. पण हात सुटेचनात, उलट तिला मी आणखीच आवळून धरलं.

"पोरीला सांभाळ!" ते ओरडले आणि त्यांनी हँडल शेताच्या बाजूला वळवलं.

आम्ही लावणीच्या चिखलात पडलो. मी तोंडावरच पडले, पोर माझ्याखाली. उठून पाहिलं तर तिचं तोंड चिखलानं भरलेलं. ती रडत नव्हती. लावणी करणाऱ्या बायका "कुळंदै, कुळंदै", मूल, मूल, असं ओरडत धावत आल्या. मी बोट घालून तिच्या तोंडातला चिखल काढत होते. यजमान गुडघाभर चिखलात तसेच उभे होते, जवळ यायचं धाडस त्यांना होईना.

"बोल ना," ते लांबूनच म्हणाले. "आहे ना ती?"

एका म्हातारीनं पोरीला माझ्या हातातून घेतलं, पालथं केलं आणि पाठीवर थोपटलं. पोर खोकली आणि मग किंचाळून रडली. तेव्हा कुठे ते जवळ आले. त्यांच्या पावलाची सालटं निघाली होती.

सायकल बाहेर काढली तेव्हा कळलं, नट आवळायचाच राहिला होता. दांडी नटातून घसरून आली होती. पाना पिशवीत होता, पण रबर धरून नट आवळणं त्यांना एकट्याला जमेना. पोर म्हातारीपाशीच ठेवून मी रबर रिमला दाबून धरलं, मग त्यांनी नट आवळला. चाक पुन्हा घासायला लागलं.

"घासू दे," मी म्हटलं.

"बस आता, हळू नेतो."

"मी चालते," म्हातारीकडून पोरीला घेत मी म्हटलं.

त्यांनी आग्रह केला नाही. तेही चालतच निघाले. तंजावूरच्या वेशीजवळ आणखी एक लहानसा पूल लागला, जेमतेम उताराचा. कॅरिअर रिकामं होतं, तरी त्यांनी दोन्ही हातांनी ब्रेक दाबून धरला. चाक फिरेना, नुसतं फरफटत होतं. उतार संपला तरी त्यांनी तो सोडला नाही.