सकाळचे गणित, दुपारची चित्रकला

नारायणराव बोरकुटे सरांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर रडत उभी होते. पन्नासच्या दशकातली गोष्ट. चांद्याच्या आमच्या शाळेत मॅट्रिकच्या आधी ऐच्छिक विषय निवडावे लागत. मला नागपूरला विज्ञान शिकायला जायचे होते, त्यासाठी उच्च गणित हवे होते आणि चित्रकला तर सोडवत नव्हती. दोन्हींचे तास दुपारी एकाच वेळी. "एक विषय सोड, मग ये," असे मुख्याध्यापकांनी सांगितले होते.

सर उच्च गणित शिकवीत. वयाने तरुण, चेहऱ्याने जरा कडक. त्यांनी माझी चित्रे बघायला मागितली. आलापल्लीचे सागवान, ओंडके ओढणारे रेडे असे काहीबाही मी काढलेले होते. त्यांनी सगळी चित्रे सावकाश उलटून पाहिली.

"मले यातलं काई समजत नाई," ते म्हणाले. "पण सोडतं काऊन? दुपारी चित्रकलेले जा. गणित मी शाळेच्या आधी शिकवतो."

मुख्याध्यापकांची परवानगी त्यांनीच मिळवली. रोज सकाळी शाळेच्या उघड्या व्हरांड्यात फळा भिंतीला टेकवून ते मला एकटीला शिकवू लागले. एकदा एका उदाहरणात ते स्वतःच अडले. दुसऱ्या दिवशी येताच म्हणाले, "काल माही रीतच चुकली होती," आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. शिक्षक आपली चूक इतक्या सहज सांगू शकतो, हे मी तोवर पाहिले नव्हते.

माझे वडील जंगल खात्यात नाकेदार होते, आलापल्लीला. मी चांद्यात मावशीकडे राहत असे. तरुण मास्तर, एकटी मुलगी, शाळा भरायच्या आधीची वेळ. शेजारीपाजारी बोलू लागले आणि ते बोलणे सागवानाच्या ट्रकवाल्याबरोबर आलापल्लीला पोचले. परतीच्या ट्रकने बाबा बल्लारपूरपर्यंत आले आणि तिथून थेट आमच्या वर्गात.

सर आम्हा सगळ्यांचा साध्या गणिताचा तास घेत होते. बाबा दारातच उभे राहिले. "माह्या पोरीले तुमी सकाळी एकटीले काऊन बोलावता? तुमच्या घरी आया-बहिनी नाईत का?"

सगळी मुले माझ्याकडे वळून पाहू लागली. मागून कोणी तरी हसले. मी बाकावर मान घालून बसले. जमिनीने आपल्याला पोटात घ्यावे असे वाटणे म्हणजे काय, ते मला त्या वर्गात कळले.

सरांनी खडू खाली ठेवला. "भाऊ, तुमी उद्या सकाळी या. आमच्या संगं बसा. मंग काय वाटते ते सांगा."

दुसऱ्या सकाळी बाबा आले. टोपी मांडीवर ठेवून व्हरांड्याच्या पायरीवर बसले. सरांनी रोजच्यासारखाच पूर्ण तास घेतला. बाबांना त्यातले अक्षरही कळले नसणार. तास संपल्यावर ते उठले, "पोरगी शिकून राह्यली," एवढेच पुटपुटले, हात जोडले आणि निघून गेले. क्षमा मागितली नाही.

ती लाज मग माझ्या वाट्याला आली. वर्गातली मुले बाबांचे वाक्य माझ्यामागे त्यांच्याच आवाजात म्हणत. सरांसमोर माझी मान वर होत नसे. शेवटी मी त्यांना म्हणाले, "चित्रकला सोडते. मग सकाळी यायला नको."

"तुह्या बाबाले काळजी वाटली म्हणून ते आले," सर म्हणाले. "त्याची शिक्षा चित्रकलेले काऊन देतं?" आणि त्यांनी पुढचे उदाहरण फळ्यावर लिहिले.

त्यानंतर कोणत्याही विद्यार्थ्याला वेगळे शिकवण्याआधी सर त्याच्या घरी जाऊन येत. बहुधा सायकलने. कुरखेड्याकडच्या एका मुलासाठी तर ते मोटारीने जाऊन त्याच्या आईवडिलांना विचारून आले. अनेकांनी त्यांच्या या शिस्तीचे कौतुक केले आहे. ती कुठून आली, हे मला ठाऊक होते आणि म्हणून मी त्या कौतुकात कधी सामील होऊ शकले नाही.

मॅट्रिकला मला चित्रकलेत उत्तम आणि गणितात बरे गुण मिळाले. प्रवेशासाठी बाबा माझ्याबरोबर नागपूरला आले. प्राध्यापक गुणपत्रिका पाहत असताना बाबांनी धोतराच्या फडक्यात बांधलेले गाठोडे सोडले आणि माझी चित्रे त्यांच्या टेबलावर पसरली. ती त्यांनी बरोबर घेतल्याचे मला माहीतच नव्हते.

"याची इथे आवश्यकता नाही," प्राध्यापक म्हणाले. रांगेतले लोक हसले. मी मागून बाबांचा सदरा ओढत होते.

"आवश्यकता नसन, साहेब," बाबा म्हणाले. "पन पोरीनं दोन्ही केलं. तिच्या मास्तरनं करू देल्लं. हे तुमाले मालूम असावं."

मला प्रवेश मिळाला. पुढे मीही गणितच शिकवले. चित्रे आजही काढते. बाबा आता नाहीत. सरांना ते पुन्हा कधी भेटले नाहीत.

या गौरवग्रंथासाठी लिहायचे ठरले तेव्हा मी सरांकडे गेले आणि इतक्या वर्षांनी बाबांच्या वतीने क्षमा मागितली.

"लाज तर मले वाटली होती," सर म्हणाले. "घरी हिनं सांगतलं होतं, आधी पोरीच्या बापाले विचारा. मी म्हटलं, गणित शिकवाले कायले विचारा लागते? तुह्या बाबाचं काई चुकलं नव्हतं. मी आलापल्लीले जाऊन त्यायले भेटाले पाहिजे होतं. हिंमत झाली नाई."

एकमेकांसमोर जायला दोघेही संकोचत राहिले आणि मधे मी दोघांच्या वाटची मान खाली घालून वावरले.

सरांच्या पंच्याहत्तरीला आम्हा विद्यार्थ्यांचे त्यांना वंदन. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो आणि पुढची पुष्कळ वर्षे त्यांच्या ओसरीवर आमची ये-जा असो. त्या एका दिवसाचे जे ओझे ते इतकी वर्षे बाळगून आहेत, ते आता त्यांनी खाली ठेवावे. बाबा असते, तर त्यांनी ते स्वतः येऊन उतरवून घेतले असते.