आण्णांच्या पायातली सावली

तासगावात माझा फोटो स्टुडिओ आहे. गेलेल्या माणसाला घरच्यांच्या फोटोत उभं करून द्या, म्हणून लोक येतात. माणूस कापून चिकटवणं काय, मोबाईलवर पोरंसोरंही करतात. पण पायाखाली सावली नसेल तर तो माणूस हवेत लटकतो, बघणाऱ्याला भूत वाटतं. सावली बसवावी तर मीच, अशी माझी लय घमेंड होती.

नव्या घराचा स्लॅब टाकून झाला आणि महिन्याभरात माझे वडील, आमचे आण्णा, गेले. वास्तुशांतीला आई उंबऱ्यापाशी एकटी उभी राहिली, तो फोटो मीच काढला. नंतर ती म्हणाली, ह्यात त्यांना माझ्याशेजारी उभं कर, घर त्यांनी बांधलं आणि मिरवतेय मी एकटी. बाकी तिनं काहीच मागितलं नाही.

बहिणीच्या लग्नातला आण्णांचा उभा फोटो घेतला. मांडवातला, त्यात सावलीच नाही. इकडं तर सकाळचं तिरपं ऊन. काळा रंग भरून केलेली सावली मला पटेना. मग एका सकाळी त्याच वेळेला उंबऱ्यापाशी, आईच्या शेजारच्या जागी मी स्वतः उभा राहिलो, बायकोला फोटो काढायला लावला आणि माझी सावली आण्णांच्या पायाला जोडली. कडा मऊ केल्या. सांधा कुठं दिसेना.

प्रिंट आईला दिली. तिनं चष्मा लावला, बराच वेळ बघितलं.

"सावली तुझी हाय ही," ती म्हणाली. "त्यांचा डावा खांदा उतरलेला व्हता."

माझं डोकंच फिरलं. एवढी मेहनत केली ती काय चुका ऐकायला? लग्नातला फोटो तिच्यापुढं धरला, बघ म्हटलं, दोन्ही खांदे सरळ आहेत. आणि बोलता बोलता जीभ अडखळली. लग्नाचा अल्बम करताना तो खांदा मीच कॉम्प्युटरवर वर घेतला होता. पासपोर्ट फोटोत सगळ्यांचे घेतो तसा, हाताला सवयच. मूळ फोटोही ठेवला नाही. जन्मभर बेदाण्याच्या शेडवर क्रेट वाहून उतरलेला बापाचा खांदा, आणि मला तो फोटोतला दोष वाटला. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. लाज वाटली स्वतःची.

किती उतरला होता, मी आईला विचारलं. मला खरंच आठवत नव्हतं.

ती उठली. माझ्या डाव्या खांद्यावर तळवा ठेवून तिनं तो खाली दाबला.

"इतका," म्हणाली.

तिनं हात काढला, तरी मला खांदा वर घेववेना.